दमट पट्ट्यात घेवडा विकायला लावावा का: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

२४ जुलै

तुकडे तीन, प्रत्येकी १० आर म्हणजे ४० मीटर बाय २५ मीटर. पहिल्यात हिरव्या शेंगेसाठी झुडपी घेवडा, दुसऱ्यात हिरव्या शेंगेसाठीच पण मांडवावर चढणारा वेली घेवडा, तिसऱ्यात वाळलेल्या दाण्यासाठी झुडपी राजमा. तिन्ही एकाच जातीकुळीतले, फॅसिओलस व्हल्गॅरिस. चवळी, वाल, चौधारी घेवडा या हिशेबात नाहीत. त्यांना दमट उष्मा सोसतो, त्यांचा प्रश्न वेगळा.

उत्पादन तर मोजायचेच, पण त्याआधी पाने दिवसातून किती तास कोरडी असतात ते मोजायचे. दमट हवेत घेवडा वाढतो झकास. अडते ते पुढे: फवारणी, तोडणी आणि सुकवणी या तिन्ही कामांना कोरडे पान किंवा कोरडी हवा लागते आणि तिन्ही कामे त्याच चार-पाच तासांवर हक्क सांगतात. म्हणून तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी यंत्रे प्रत्येक तुकड्यात पिकाच्या उंचीला, सावलीच्या टोपीखाली बसवली. बांधावर दीड मीटर उंच टांगलेल्या यंत्राचा आकडा पिकाच्या पोटातल्या हवेला लागू पडत नाही. आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त असलेला प्रत्येक तास ‘ओले पान’ धरायचा. पडताळणीला सोपा उपाय: टिपकागदाचा तुकडा आतल्या पानाच्या खालच्या बाजूला दाबून पाहणे.

तापमानाची मर्यादा आधीच लिहून ठेवतो. पिकाला १६ ते २५ अंश मानवते. फुलोऱ्यात दिवसाचे तापमान ३० च्या वर किंवा रात्रीचे २० ते २१ च्या वर टिकून राहिले की परागकण निकामी होतात, कळ्या-फुले गळतात. दमट जागी ढगांमुळे रात्र थंड होत नाही. दुपार बघून जमीन निवडली आणि रात्र बघितलीच नाही, ही पहिली चूक इथेच होते.

२९ जुलै

माती तपासणीचा निकाल: सामू (पीएच) ५.२. पावसाने चुना धुऊन नेलेल्या जमिनीत हे अपेक्षितच. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम आणि मँगेनीज विद्राव्य होऊन मुळांना बाधतात, स्फुरद जखडले जाते, मॉलिब्डेनम मिळेनासे होते आणि मुळांवर गाठी करणारे जिवाणू तग धरत नाहीत. लक्ष्य ६.० ते ६.५.

अहवालातली शिफारस हेक्टरी २ टन बारीक चुनखडीची. म्हणजे १० आरला २०० किलो, चौरस मीटरला २०० ग्रॅम. नुसत्या सामूच्या आकड्यावरून चुना ठरवू नये. चिकण आणि सेंद्रिय मातीला त्याच सामूला वाळूपेक्षा कितीतरी जास्त लागतो, म्हणून बफर चाचणीचा, म्हणजे माती सामू बदलायला किती विरोध करते त्याचा, आकडा मागून घ्यायचा. चुना दोन हप्त्यांत टाकला: अर्धा नांगरटीआधी, अर्धा नंतर, १५ सेंटिमीटरपर्यंत मिसळून. वर पसरून सोडलेला चुना वरच राहतो. शेणखत आणि चुना एका दिवशी टाकले नाहीत, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. मध्ये तीन आठवडे.

१६ ऑगस्ट

निचऱ्याची चाचणी. ३० सेंटिमीटर खोल खड्डा, पाण्याने भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि दुसऱ्या भरण्यात दर तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजले. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरले तर त्या जागी सपाट वाफ्यात घेवडा लावू नये. तिसऱ्या तुकड्याचा खालचा कोपरा नापास. मुळे एक-दोन दिवस पाण्यात राहिली की प्राणवायूअभावी गाठी मरतात, खालची पाने पिवळी पडतात. पाणी ओसरल्यावर झाड वरून सावरल्यासारखे दिसते, पण मूळकूज तिथूनच धरते.

गादीवाफे केले: माथा ९० सेंटिमीटर, उंची २५, मधली सरी ४०. सरीला उतार अर्धा ते एक टक्का, म्हणजे ४० मीटरला २० ते ४० सेंटिमीटर. यापेक्षा जास्त उतार दिला तर वाफ्याचा पाया धुपतो. वाफ्यांची दिशा नेहमीच्या वाऱ्याला समांतर ठेवली. सूर्यप्रकाश थोडा इकडे-तिकडे झाला तर चालेल, वारा ओळीतून वाहिला पाहिजे.

एक दुरुस्ती लागली. सऱ्या नीट उतारात होत्या, पण सगळ्या ज्या आडव्या चरात उतरतात तो चर सरीच्या तळापेक्षा ५ सेंटिमीटर उथळ निघाला. पाऊस पडल्यावर पाणी उलटे आत. चर नेहमी सरीच्या तळापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खोल हवा, आणि हे दोरी-पाणपातळी लावून तपासायचे. डोळ्याला उतार दिसतो तो बहुतेक वेळा नसतोच.

२ सप्टेंबर

बियाण्याचा हिशेब. वाफ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत १.३ मीटर, वाफ्यावर दोन ओळी, झाडांत १० सेंटिमीटर. म्हणजे हेक्टरी सुमारे १,५३,८०० झाडे. सपाट रानात ४५ बाय १० वर २,२२,२०० बसतात. झाडे ३१ टक्क्यांनी घटली. उत्पादन तेवढे घटत नाही, कारण मोकळे झाड जास्त फांदते. पण काही घट होणारच, आणि ती हवा खेळण्याची किंमत म्हणून सुरुवातीलाच खर्चात मांडलेली बरी.

१०० दाण्यांचे वजन ३० ग्रॅम, उगवण ८८ टक्के, शेतातली मर १० टक्के धरली तर १० आरला ५.८ किलो बी. वेली घेवड्याची वाफ्यावर एकच ओळ, झाडांत २० सेंटिमीटर, १०० दाणे ३५ ग्रॅम: १० आरला १.७ किलो.

उगवण चाचणी ओल्या टिपकागदात २५-२५ दाण्यांच्या चार गुंडाळ्या करून घेतली. कोंब मोजून थांबू नये. दलपत्रे (दाण्याच्या दोन फाका) उघडून पाहायची. त्यांवर खोल तपकिरी किंवा काळे डाग असतील तर ती बियाण्यातून आलेली करप्याची लागण असते.

घरचे बी दमट भागात धरायचेच नाही, यावर या प्रकल्पात दुमत नाही. करपा, दोन्ही जिवाणूजन्य करपे आणि मोझॅक हे सगळे बियाण्यातून येतात, आणि पावसात पिकलेल्या शेंगेतला दाणा निरोगी दिसला तरी भरवशाचा नसतो. अमेरिकेत घेवड्याचे बियाणे आयडाहोसारख्या कोरड्या, सिंचनाच्या मुलखात तयार करतात ते याचसाठी. रोगमुक्त बी विकत घेणे हा इथला कायमचा खर्च धरायचा.

१२ सप्टेंबर

पेरणी. तारीख उलटी मोजून ठरवली: झुडपी घेवड्याला फूल ३५ ते ४२ दिवसांत, पहिली तोडणी ५० ते ५५ व्या दिवशी. फुलोरा आणि तोडणी पावसाचा जोर ओसरल्यावर यावी, उगवण मात्र उरल्या ओलीवर व्हावी. आधी पेरले तर फुलोरा पावसात सापडतो, फार उशिरा पेरले तर पुढच्या थंडीत वाढ खुंटते.

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग जिवाणू संवर्धक. रासायनिक बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवले की जिवाणू मरतात. इथे रासायनिक टाळून ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम चोळले, सावलीत सुकवले, मग घेवड्याच्या गटाचे रायझोबियम १० किलोला २५० ग्रॅम या मापाने गुळाच्या थंड पाण्यात. सोयाबीनचे संवर्धक घेवड्याला चालत नाही. पाकिटावर पिकाचे नाव वाचायचे. प्रक्रिया केलेले बी त्याच दिवशी पेरले.

खत हेक्टरी २५ किलो नत्र, ६० स्फुरद, ५० पालाश. १० आरला ५.४ किलो युरिया, ३७.५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, ८.३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. बियाण्याच्या बाजूला ५ आणि खाली ५ सेंटिमीटरवर पट्ट्यात. बियाण्याला टेकलेले खत कोंब जाळते.

खोली अडीच ते तीन सेंटिमीटर, वाफसा आल्यावरच. पायाखालची माती बुटाला चिकटत असेल तर त्या दिवशी पेरणी नाही. चिखलात टोकलेल्या बियाण्याभोवती भांड्यासारखी भिंत होते आणि त्यात पाणी साचते.

बी भिजवून पेरू नये. सुका दाणा एकदम पाणी ओढतो तेव्हा दलपत्रांना चिरा जातात, आतली साखर बाहेर झिरपते आणि पिथियम बुरशीला आयती मेजवानी मिळते.

२१ सप्टेंबर

उगवण सातव्या दिवशी बऱ्यापैकी पूर्ण. मध्ये एक सर आली आणि उन्हाने पापुद्रा धरला. घेवडा मान वाकवून दलपत्रे वर ओढत येतो. पापुद्रा कडक असला की मान मोडते आणि शेंडा नसलेले ठोंब उभे राहतात. अशी झाडे जगतात, फळत नाहीत. नांगे (न उगवलेल्या जागा) भरताना ती रिकामी जागा समजायची. हलक्या दाताळ्याने ओळींमधला पापुद्रा फोडला.

तिसऱ्या तुकड्याच्या नापास कोपऱ्यात रोपे कोलमडली. खोड जमिनीलगत मऊ, पाणचट: पिथियम. तांबूस, खोलगट, कोरडा डाग असता तर रायझोक्टोनिया. दोन्हींत मेलेली रोपे मातीच्या ढेकळासह काढली. कोपरा सोडून दिला, पुन्हा पेरला नाही. तिथे औषध ओतणे म्हणजे निचऱ्याचा दोष दुकानातून दुरुस्त करण्यासारखे आहे.

३० सप्टेंबर

मांडव. १९ ओळी, ४० मीटरच्या. खांब ४ मीटरवर, ओळीला ११, एकूण २०९. लांबी २.४ मीटर, ५० सेंटिमीटर जमिनीत. टोकाचे खांब बाहेरच्या बाजूला कलते ठेवून ताण दिला. सगळा ओला वेल वाऱ्यात ओढतो तो या दोन खांबांना, मधल्यांना फारसे काम नसते. वर १२ गेजची तार, खाली जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर दुसरी.

सुतळीचा हिशेब केल्याशिवाय मांडवाचा खर्च मांडू नये. ३,८०० झाडे, प्रत्येकी २.१ मीटर: जवळजवळ ८ किलोमीटर सुतळी. दोन झाडांना एक सुतळी दिली तर ४. तशी दिली. तागाची सुतळी दमट हवेत दोन-तीन महिन्यांत तळाशी कुजते, नेमकी भरल्या वेलाच्या वजनाला. म्हणून शेवटचा ३० सेंटिमीटर भाग प्लॅस्टिक सुतळीचा. तागाची हंगामानंतर वेलासकट काढून कुजवता येते, प्लॅस्टिकची सोडवत बसावी लागते. जाळी वापरली तर बांधणी लवकर होते, पण तिच्यावर चिकटलेल्या वेलांच्या तुकड्यांतून रोग पुढच्या हंगामात जातो.

वेल हाताने चढवताना: वरून पाहिले तर घेवडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळतो. उलटा गुंडाळला तर दुसऱ्या दिवशी सुटून खाली आलेला असतो.

९ ऑक्टोबर

मुळे उपटून गाठी पाहिल्या. कुदळीने ढेकूळ काढून बादलीत धुवायचे. ओढून उपटले तर गाठी मातीतच राहतात. गाठ कापल्यावर आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पहिल्या दोन तुकड्यांत गुलाबी, तिसऱ्यात मिश्र. घेवडा नत्र बांधण्यात कडधान्यांमधला आळशी विद्यार्थी आहे, त्यामुळे वर नत्राचा हप्ता लागतो. हेक्टरी २० किलोवर थांबलो. हात सैल सोडला तर पाने दाट होतात, आणि दाट पान म्हणजे सकाळी उशिरा वाळणारे पान.

खुरपणी करून हलकी भर दिली. दोन्ही झुडपी तुकड्यांत ओळींखाली पेंढ्याचे ५ सेंटिमीटर आच्छादन. तणासाठी तर आहेच, पण मुख्य काम पावसाच्या थेंबाने उडणारी माती अडवणे. उष्ण-दमट सखल भागात रायझोक्टोनियाचा जाळीदार करपा त्याच उडालेल्या मातीतून खालच्या पानांवर चढतो. कोस्टारिकात घेवडा वाढलेल्या झाडोऱ्यात फोकून वरून तो झाडोरा कापून पसरतात, ‘फ्रिहोल तापादो’, म्हणजे झाकलेला घेवडा. उत्पादन बेताचे, पण जिथे उघड्या मातीवर पीक हातचे जाते तिथे ते तगते. आच्छादनाचा तोटा: गोगलगाई. संध्याकाळी ओली पोती पसरून सकाळी त्यांखालच्या वेचल्या.

१९ ऑक्टोबर

सलग तीन दिवस ढग. यंत्रांचे आकडे: झुडपी तुकड्यात रात्री आठपासून सकाळी साडेदहापर्यंत ९० च्या वर, साडेचौदा तास. मांडवात तेच साडेनऊपर्यंत. एक तासाचा फरक, पण तो रोज आहे.

पानांवर जे दिसते ते ओळखण्यासाठी ही नोंद सविस्तर.

करपा, कोलेटोट्रायकम लिंडेमुथिॲनम. पान उलटे करून शिरा बघायच्या: विटकरी ते काळ्या रेघा. शेंगेवर खोलगट डाग, कडा तांबूस-तपकिरी, ओल्या दिवशी मध्ये फिकट गुलाबी चिकट बीजाणू. तापमान १३ ते २६ अंश आणि आर्द्रता ९२ टक्क्यांच्या वर हवी. पसरतो पावसाच्या थेंबांनी आणि ओल्या शेतातून फिरणाऱ्या माणसांच्या पँटांनी.

कोनीय ठिपके. डाग शिरांमध्ये अडकल्याने चौकोनी-त्रिकोणी. पानाच्या खाली भिंगाने पाहिले तर करड्या काटक्यांसारखे उभे केस. आधी म्हाताऱ्या पानांवर येतो म्हणून लोक वयाचा परिणाम समजून सोडून देतात.

तांबेरा. बोट फिरवले की विटेची पूड लागते. बाकी कशाची लागत नाही. १७ ते २७ अंश आणि १० तासांहून जास्त ओले पान. दहा-पंधरा दिवसांत एक पिढी, म्हणजे पहिला फोड दिसल्यापासून दुसरी पिढी यायच्या आत उपाय झाला पाहिजे.

जिवाणूजन्य करपे दोन. साध्या करप्यात तपकिरी, जळका डाग आणि त्याला अरुंद लिंबू-पिवळी कड. उष्णतेत, २८ अंशांच्या आसपास जोरात. प्रभावलयी करप्यात सुईच्या टोकाएवढा पाणचट ठिपका आणि भोवती रुंद फिकट हिरवे वलय. थंडीत, १६ ते २० अंशांना. बुरशीनाशक दोन्हींना लागू होत नाही, तांबे काही प्रमाणात रोखते. अशा तुकड्यात ओले असताना पाय टाकायचा नाही, एवढाच खरा उपाय.

आज सापडले: राजम्यात कोनीय ठिपके खालच्या पानांवर, झुडपी घेवड्यात तांबेऱ्याचे मोजके फोड. मांडव स्वच्छ.

२२ ऑक्टोबर

फवारणी. मँकोझेब लिटरला २.५ ग्रॅम, चिकटद्रव्यासह, पानाच्या खालून. ज्या औषधाच्या लेबलवर घेवडा पीक आणि तोडणीआधीचा प्रतीक्षाकाळ छापलेला नाही ते या प्रकल्पात वापरायचे नाही. हिरव्या शेंगेत हीच मोठी अडचण: तोडणी सुरू झाली की दर दोन-तीन दिवसांनी माल निघतो, त्यामुळे लांब प्रतीक्षाकाळाचे कोणतेही औषध आपोआप बाद. जे संरक्षण करायचे ते फुलोऱ्याआधीच.

राजम्यावर बोर्डो मिश्रण. अर्धा टक्का: ५०० ग्रॅम मोरचूद ५० लिटर पाण्यात, ५०० ग्रॅम चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपांत, मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओतायचे. स्वच्छ लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पाहिला. तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे, चुन्याची निवळी वाढवायची. तयार केलेले त्याच दिवशी संपवले.

तांब्याबद्दल दमट भागात एक सावधगिरी. फवारा हळू वाळला तर तांबे पानात जास्त शिरते आणि कडा जळतात, मग तो रोग समजून आणखी फवारले जाते. म्हणून तांबे दुपारच्या पहिल्या भागात, वाळायला दोन-तीन तास शिल्लक असताना. पण पाने साडेदहाला वाळतात आणि चारनंतर हवा पुन्हा जड होते, त्यामुळे फवारणीला प्रत्यक्षात मिळतो तो मधला तुकडाच.

२९ ऑक्टोबर

फुलोरा. रात्रीचे किमान १८ ते १९, ठीक. निम्म्याहून अधिक फुले घेवडा एरवीही गाळतो. जमिनीवरची फुले बघून घाबरून संजीवके मारू नयेत.

त्या गळलेल्या फुलांकडे मात्र लक्ष. पांढरी बुरशी, स्क्लेरोटिनिया, कोवळ्या हिरव्या भागात थेट शिरू शकत नाही. तिला आधी सुकलेल्या पाकळीचे खाद्य लागते. पाकळी फांदीच्या बेचक्यात किंवा शेंगेवर ओली चिकटून राहिली की तिथून पांढरा कापूस आणि नंतर उंदराच्या लेंड्यांसारखे काळे गोळे. ते गोळे मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. झुडपी तुकड्यात चार झाडे सापडली. पोत्यात घालून बाहेर, पोते फाटके नको.

फुलांत मरुका (शेंगा पोखरणाऱ्या) अळीची जाळी आणि फुलकिडे पाहिले. अळी असलेली फुले एकमेकांना चिकटलेली दिसतात. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

५ नोव्हेंबर

पहिली तोडणी, झुडपी. शेंग मोडल्यावर कटकन तुटावी आणि आतला दाणा बारीकच असावा. फुलानंतर साधारण दोन आठवडे. दोन-तीन दिवस उशीर झाला की शेंग जाड, दोरी धरलेली, दर्जा खाली.

या नोंदीवर सगळ्या प्रकल्पाचा निर्णय टेकलेला आहे, म्हणून हिशेब पूर्ण लिहितो.

ओल्या झाडाला हात लावायचा नाही. म्हणजे तोडणी अकरा ते चार, पाच तास. झुडपी घेवड्याचे १० आरला ८०० किलो धरले (हेक्टरी ८ टन, मध्यम अंदाज). तीन तोडण्या, त्यांतली दुसरी निम्म्या मालाची, ४०० किलो. कमरेत वाकून तोडणाऱ्याचा वेग ताशी ७ किलो गृहीत. म्हणजे ५७ मजूर-तास. एका माणसाचे पाच तासांत ३५ किलो. ४०० किलो एका दिवसात काढायला १२ माणसे, दोन दिवसांत काढायला ६. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर तिसऱ्या दिवशी निम्मा माल दोरीचा.

मांडवाचा त्याच जागेत १,००० किलो धरला, तो सहा-सात आठवड्यांत १६ तोडण्यांत येतो. सरासरी ६२ किलो, भर तोडणी १०० किलो. उभ्याने तोडणीचा वेग ताशी ८. भर तोडणीला साडेबारा तास, म्हणजे तीन माणसे. पावसाचा एक दिवस गेला तर सोळावा हिस्सा धोक्यात, निम्मा नाही.

मांडवाचे खांब, तार आणि चार किलोमीटर सुतळी यांचा खर्च याच फरकातून फिटायचा आहे. खांब चार-पाच हंगाम टिकले तर फिटतो. एका हंगामात कुजले तर नाही, आणि दमट मातीत प्रक्रिया न केलेले लाकूड टिकत नाही. खालचा ६० सेंटिमीटर भाग जाळून कोळसावून डांबर लावला तर आयुष्य वाढते.

८ नोव्हेंबर

दुसरी तोडणी आणि मालाची घडी. क्रेट १० किलोंचे, भोकांचे. पोत्यात भरलेली शेंग स्वतःच्या श्वसनाने तापते. सावलीत तासाभरात नेली. धुतली नाही: धुऊन न वाळवलेल्या शेंगेवर पिथियमची पाणचट, कापसासारखी सड एका रात्रीत क्रेटभर फिरते.

थंडाव्याचे तापमान ५ ते ७.५ अंश, आर्द्रता ९५ टक्के, अशाने ८ ते १२ दिवस. ५ च्या खाली गेल्यास शेंगेवर खड्डे आणि गंजासारखे ठिपके. ते थंडीत नाही तर बाहेर काढल्यावर एक-दोन दिवसांनी दिसतात, म्हणून दोष वाहतुकीवर ढकलला जातो. थंड माल दमट हवेत उघडला की त्यावर पाणी धरते. क्रेट बाहेर काढल्यावर ताडपत्रीने झाकून थोडा गरम होऊ द्यायचा, मग उघडायचा.

नाकारलेल्या शेंगा कारणानुसार वेगळ्या तोलल्या: मातीला टेकून डागाळलेल्या, करपा, अळी, दोरी. झुडपीत सर्वांत मोठा ढीग मातीला टेकलेल्यांचा. तो रोग नाही, उंचीचा प्रश्न आहे.

१६ नोव्हेंबर

मांडवाची तोडणी सुरू. झुडपी संपला, झाडे उपटून शेताबाहेर.

८ डिसेंबर

राजमा. शेंगा पिवळ्या-तपकिरी, दाणा नखाला दबतो पण फुटत नाही. दोन दिवस पाऊस येणार असल्याने उभे वाळू न देता उपटला. पिकलेली शेंग पावसात उभी राहिली तर दाणा शेंगेतच कोंब धरतो किंवा रंग सोडतो, आणि रंग गेलेला राजमा खालच्या प्रतीत जातो. झाडे मुळे वर करून छपराखाली तारेवर टांगली, मातीवर रचली नाहीत.

१२ डिसेंबर

झोडपणी १८ ते २० टक्के ओलाव्याला. त्याहून कोरडा झोडपला तर साल फुटते, ओला झोडपला तर दाणा चेचतो.

आता सुकवणी. साठवायला ओलावा १३ टक्के हवा. १,००० किलो दाणा २० टक्क्यांवरून १३ वर आणायचा तर सुके द्रव्य ८०० किलो, शेवटचे वजन ९२० किलो, म्हणजे ८० किलो पाणी काढायचे. बाहेरची हवा २५ अंश, ८५ टक्के. या हवेत दाणा कितीही पसरला तरी १३ टक्क्यांपर्यंत येत नाही. दुपारी उतरलेला रात्री परत पाणी पितो. हीच हवा ६ अंशांनी तापवली तर ३१ अंशांना तिची आर्द्रता ६० टक्क्यांवर येते आणि काम होते. पण अशी हवा दाण्यातून जाताना घनमीटरला जेमतेम दीड ग्रॅम पाणी उचलते. ८० किलोंना ५० हजार घनमीटरांहून जास्त हवा. चोवीस तासांत उरकायचे तर ताशी २,२०० घनमीटरचा पंखा, आणि उष्णता अखंड. जास्त तापवून घाई करता येत नाही: ४० अंशांच्या वर, किंवा सुकवणाऱ्या हवेची आर्द्रता ४० टक्क्यांखाली गेली की साली तडकतात.

१० आरच्या सव्वाशे किलोंसाठी हे भाड्याच्या पेटी-सुकवणीत निभावले. हेक्टरांवर नेताना सुकवणी यंत्र हा जोडधंदा नाही, मुख्य गुंतवणूक आहे.

घरगुती तपासणी: कोरड्या बाटलीत पाव भाग दाणे आणि कोरडे मीठ, मिनिटभर हलवून दहा मिनिटे ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर.

१५ डिसेंबर

साठवण हवाबंद थैल्यांत. थैली ओला दाणा सुकवत नाही, बुरशी मात्र कोंडून ठेवते. भुंगेरे शेतातूनच येतात. लहान साठ्याला किलोला ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळले तर अंडी मरतात. उबदार-दमट जागी ठेवलेला राजमा काही महिन्यांत शिजायला कठीण होतो, तो दोष कितीही भिजवून जात नाही.

२८ डिसेंबर

ताळेबंद कोरड्या तासांच्या भाषेत. झुडपी हिरवी शेंग: उत्पादन ठीक, पण माल आणि मजूर एकाच दोन दिवसांत लागतात, १० आर एकदम न पेरता अडीच आरचे चार टप्पे, दर १२ दिवसांनी, असे केले तरच चालेल. वेली हिरवी शेंग: पुढच्या हंगामात २० आर, झाडांत २० ऐवजी २५ सेंटिमीटर, खालची पाने पहिल्या तोडणीनंतर ३० सेंटिमीटरपर्यंत काढायची. राजमा: बंद, सुकवणी यंत्र सामाईक मिळेपर्यंत.

जिथे फुलोऱ्यातल्या रात्री २२ अंशांच्या खाली येतच नाहीत तिथे हे तिन्ही तुकडे न करता थेट लांब शेंगेची चवळी लावावी. मांडव तोच चालतो.

राजम्याच्या तुकड्यात आता मका, मग भाजीपाला. कोणतेही शेंगपीक तीन वर्षे नाही. निचऱ्याच्या कोपऱ्यात आडवा चर ६० सेंटिमीटर खोल करायचा, काम जानेवारीत. वेली बियाण्याची मागणी २.७ किलो, रोगमुक्त प्रमाणपत्रासह.